झिजलेल्या टायरची साक्ष : ठाणे-कल्याण परिसरातील फियाट मोटार आणि तिची निदानविद्या

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात वालचंद हिराचंद ह्यांच्या मोटार-कारखान्याला मानाचे स्थान आहे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, १९५१ मध्ये इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही लहान मोटार येथे तयार होऊ लागली, हा क्रम अभ्यासकांना परिचित आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथून काढता पाय घ्यावा लागला, हेही अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून सविस्तर आलेले आहे. परंतु हे सारे लेखन गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतचे आहे. त्यानंतर ती गाडी वीस-तीस वर्षे कोणत्या रस्त्यांवर धावली, कशी झिजली, तिची दुरुस्ती कोणी व कोणत्या ज्ञानाच्या आधारे केली, ह्या प्रश्नांकडे आपल्या इतिहासलेखनाने पाठ फिरविलेली आहे. डेव्हिड एडगर्टन ह्या इंग्रज इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असा आग्रह धरला की, तंत्रविद्येचा इतिहास हा शोधांचा इतिहास नसून वापराचा व दुरुस्तीचा इतिहास असला पाहिजे. आपल्या देशाच्या बाबतीत हा आग्रह अधिकच सार्थ आहे; कारण ज्या देशात नवी मोटार मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे, तेथे दुरुस्ती हाच तंत्रविद्येचा मुख्य व्यवहार होता.

ह्या व्यवहाराचा एक लहानसा भाग प्रस्तुत लेखासाठी निवडला आहे. टायर सर्वत्र सारखा न झिजता एकाच कडेला, मध्यभागी किंवा ठिगळाठिगळांनी झिजला, तर त्यावरून गाडीतील दोष ओळखण्याची जी विद्या होती, तिचा हा विचार आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण अवशेषावरून कारणाचा शोध घेणे हे इतिहासकाराचेच काम असल्यामुळे, दुसऱ्या एका वर्गातील माणसे तेच काम कोणत्या शिस्तीने करीत आली हे पाहणे आपल्या उपयोगाचे आहे. कार्लो गिंझबर्ग ह्या इटालियन इतिहासकाराने १९७९ मध्ये चित्रपारखी, वैद्य आणि गुन्हेशोधक ह्यांच्या पद्धतींतील साम्य दाखवून ‘खुणांवरून ज्ञान’ अशी एक स्वतंत्र ज्ञानपरंपराच मानली. त्याच्याच देशातून आलेल्या मोटारीचा मेकॅनिक त्या मालिकेत सहज बसला असता.

ठाणे परिसर निवडण्यास कारण आहे. शीवहून ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, नजरेसमोर आणावा. ह्या रस्त्यावर कुर्ला येथे फियाट मोटार तयार होत असे. पुढे भांडुप येथे सिएट कंपनीचा टायरचा कारखाना. ही कंपनीही मूळची तुरीनची, म्हणजे फियाटच्याच गावची, आणि मुंबईत ती १९५८ साली आली. मुलुंड ओलांडून ठाण्यात शिरले की वागळे इस्टेट. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही एक. ह्या वसाहतीत इंडियन रबर मॅन्युफॅक्चरर्स रिसर्च असोसिएशन ह्या नावाने स्थापन झालेली रबर उद्योगाची संशोधनसंस्था आहे. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर मार्गावर नोसिलच्या कारखान्यात टायरसाठी लागणारी रबराची रसायने तयार होतात. गाडी, टायर, रबराचे शास्त्र आणि ह्या सर्वांची परीक्षा घेणारा रस्ता एवढ्या थोड्या अंतरात एकत्र आलेले स्थळ देशात विरळाच. पुढे १९९० नंतरच्या दशकात डोंबिवलीजवळ मानपाड्याच्या परिसरात, कल्याण-शीळ मार्गावरील प्रीमियरच्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही मोटार निघू लागली. तो संसार दशक संपण्यापूर्वीच मोडला; ‘प्रीमियर’ हे नाव मात्र त्या भागात मैदानाच्या व वस्तीच्या रूपाने राहून गेले. डोंबिवलीच्या गाडीपेक्षा कुर्ल्याची गाडीच ठाणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर अधिक काळ दिसली, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. फियाट ११००, तिची १९६४ पासूनची ‘डिलाइट’ ही आवृत्ती आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नावाने ओळखली जाणारी गाडी, ह्या तिन्हींचा सांगाडा मूलतः एकच होता. १०८९ घनसेंटिमीटरचे एंजिन पुढे आणि चालना मागील चाकांना. मागे एकसंध आस व तिच्याखाली कमानदार पाटे. पुढील चाके मात्र स्वतंत्र : प्रत्येक चाक वरच्या आखूड व खालच्या लांब अशा दोन आडव्या बाहूंवर, मळसूत्री स्प्रिंगच्या आधाराने, खालीवर होई, आणि वळताना ते एका उभ्या खुंटीभोवती फिरे. ह्या खुंटीला गॅरेजच्या भाषेत किंगपिन म्हणतात. तिच्या वरखाली पितळी बुश असतात आणि त्यांना वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही तर ते झिजतात. टायर ५.२०-१४ ह्या मापाचे, म्हणजे चौदा इंच व्यासाच्या रिमवर बसणारे. (देशात दशमान पद्धत आली तरी टायरची मापे इंचांत आणि हवा पौंडांत राहिली, पंक्चरवाल्याच्या तोंडचा पौंड आजही गेलेला नाही.)

अशा गाडीचा टायर झिजण्याचे मुख्य प्रकार थोडेच आहेत. हवा कमी असली तर टायरचा मध्य आत दबतो आणि दोन्ही कडा झिजतात. हवा अधिक असली तर मध्य फुगतो आणि तोच झिजतो. चाक उभ्या रेषेपासून कलले असेल, म्हणजे कॅम्बर बिघडला असेल, तर ज्या बाजूला ते कलते ती एकच कड गुळगुळीत होते. दोन्ही पुढची चाके एकमेकांशी समांतर नसतील, म्हणजे त्यांची पुढची टोके प्रमाणाबाहेर आत वळलेली किंवा बाहेर फाकलेली असतील, तर टायर प्रत्येक फेऱ्याला किंचित आडवा खरवडला जातो आणि त्याच्या पट्ट्यांना करवतीसारखी धार येते. शॉकॲब्सॉर्बर निकामी झाला, चाकाचा तोल गेला किंवा बेअरिंग सैल झाले, तर चाक रस्त्यावर उड्या मारीत चालते आणि टायरवर वाटीच्या आकाराचे खळगे पडतात. एकाच जागी सपाट चट्टा दिसला तर ब्रेक दाबून चाक अडकले होते असे समजावे.

ह्यांपैकी आडव्या खरवडण्याची राशी किती मोठी असते ह्याची कल्पना सामान्य वाचकास नसते. रिमचा व्यास सुमारे ३६० मिलिमीटर धरला आणि दोन्ही चाकांच्या पुढील व मागील अंतरांत तीन मिलिमीटरची चूक मानली, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर येते. म्हणजे चाक सरळ दिशेपासून सुमारे २४० त एक इतके वाकडे चालते. गाडी एक किलोमीटर गेली की भूमितीच्या हिशेबाने टायर चार मीटरांहून अधिक आडवा ओढला गेलेला असतो. दहा हजार किलोमीटरांत हे आडवे अंतर चाळीस किलोमीटरांवर जाते. टायर लवचिक असल्यामुळे हे सर्व अंतर प्रत्यक्ष घासले जात नाही, ही गोष्ट खरी. तरीही डोळ्यांना न दिसणारी चूक टायरचा जीव कसा घेते, हे ह्यावरून ध्यानी यावे. आणि ही चूक डोळ्यांना दिसत नसली तरी हाताला कळते. तळवा टायरवरून बाहेरून आत फिरवावा व मग आतून बाहेर फिरवावा. बाहेरून आत जाताना मऊ व परत येताना धार लागली तर चाकांची टोके प्रमाणाबाहेर आत वळलेली आहेत. उलट अनुभव आला तर ती बाहेर फाकलेली आहेत. कारण सोपे आहे. आत वळलेले चाक सरळ ओढले गेले की रस्त्याशी त्याचे घसरणे बाहेरच्या दिशेने होते. घसरणाऱ्या पट्टीची पुढची, म्हणजे बाहेरची, कड गोल होते आणि मागे राहिलेल्या आतल्या कडेला धार उरते.

इतपत माहिती कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळेल. परंतु झिजेची खूण वाचता येणे आणि कारण सांगता येणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि निदानविद्येचा खरा कस दुसरीत लागतो. आपल्याकडे प्रत्येक झिजेला एक तयार उत्तर असते : रस्ते वाईट. हे उत्तर इतके सर्वमान्य आहे की त्याची परीक्षा करण्याची गरज कोणास वाटत नाही. ते कितपत टिकते हे पाहिले पाहिजे.

रस्त्यांचा इतिहास थोडक्यात असा. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडीचा रस्ता कापून काढी आणि मोटारीचा रबरी टायर सैल झालेली माती ओढून उडवी; दोन्ही वाहने एकाच रस्त्यावर आल्याने जुने रस्ते टिकेनासे झाले. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, परंतु त्यांच्या चरित्रात रस्त्यांचे प्रकरण बहुधा दोन ओळींत आटोपते. त्यांच्या समितीच्या शिफारशींतून पेट्रोलवरील जादा कराचा मध्यवर्ती रस्ते निधी १९२९ मध्ये आणि इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ मध्ये अस्तित्वात आली. १९४३ साली नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरून वीस वर्षांची रस्तेयोजना आखण्यात आली. डांबरी रस्ते वाढले ते ह्या क्रमाने. परंतु त्यांपैकी पुष्कळ रस्ते एका गाडीच्या रुंदीचे होते. मध्ये डांबराची पट्टी आणि दोन्ही बाजूंना मुरुमाची साईडपट्टी अशी त्यांची रचना असे. समोरून गाडी आली की प्रत्येकाने आपली डावी चाके डांबराखाली उतरवावयाची आणि पुन्हा वर चढवावयाची. डांबराची तुटकी कड टायरच्या बाजूला घासे.

रस्त्याने टायर झिजतो हे ह्यावरून खरे ठरते. पण कसा झिजतो हे महत्त्वाचे आहे. रस्ता मध्ये उंच व कडांना उतरता बांधलेला असतो. आपण डाव्या अंगाने जातो, म्हणून गाडी सतत डावीकडे घरंगळू पाहते आणि चालक नकळत स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवतो. त्यामुळे डाव्या टायरची बाहेरची आणि उजव्या टायरची आतली कड अधिक घासली जावी. दुसऱ्या शब्दांत, दोन्ही टायरांची डावी कड. चौकातील वर्तुळाला आपण उजवी घालतो, तेव्हाही भार डाव्या टायरांच्या बाहेरील कडेवर येतो. म्हणजे रस्त्याची सही एका दिशेची असते. उलट चाकांच्या समांतरतेत चूक असेल तर चालक गाडी सरळ ठेवताना ती चूक आपोआप दोन्ही चाकांत वाटली जाते आणि दोन्ही टायर आरशातल्या प्रतिमेसारखे, दोन्ही आतून किंवा दोन्ही बाहेरून, झिजतात. आणि एकाच चाकाचा बाहू वाकला किंवा बुश गेला असेल तर एकच टायर झिजतो, दुसरा शाबूत राहतो. तीन कारणे, तीन निरनिराळे पुरावे. जो मनुष्य एकच टायर पाहून निकाल देतो तो एकाच बखरीवरून इतिहास लिहिणाऱ्यासारखा होय. शेजारचा कागद काढून पडताळा घ्यावा लागतो, हे राजवाड्यांपासून आपल्या परंपरेने मानलेले तत्त्व इथेही लागू पडते.

ह्या कसोटीवर ‘रस्ते वाईट’ हे उत्तर अपुरे पडते. जुन्या पद्मिनीच्या बाबतीत गाडीचे वयच टायरला एका ठराविक दिशेने झिजवते, असे तिच्या रचनेवरून अनुमान निघते. किंगपिनचे बुश झिजले की काय होते? चाक खुंटीच्या बाहेर आहे आणि जमीन त्याला खालून वर ढकलते. म्हणून सैल झालेले चाक वरच्या बाजूने आत कलते. स्प्रिंग बसल्या की काय होते? वरचा बाहू आखूड असल्यामुळे गाडी खाली आली की चाक पुन्हा वरूनच आत कलते. स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे सैल झाले की काय होते? चालत्या गाडीत रस्त्याचा अटकाव चाकांना मागे ढकलतो आणि पुढची टोके बाहेर फाकतात. तिन्ही कारणे वेगळी, पण तिन्हींचा परिणाम टायरच्या आतल्या कडेवर. म्हाताऱ्या गाडीची झीज आत सरकते.

आणि नेमकी हीच कड दिसत नाही. मालक गाडीपाशी उभा राहून पाहतो ती टायरची बाहेरची बाजू. प्रवासी पाहतो तीही बाहेरचीच. आतली कड पाहण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून किंवा गाडीखाली वाकून पाहावे लागते. बाहेरून नक्षी शाबूत दिसणारा टायर आतून गोटा झालेला असतो, आणि आणखी काही दिवसांनी त्यातून धागे डोकावू लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मोटारीच्या टायरच्या खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर सांगितली आहे. नियम योग्यच आहे. परंतु खोली मापणाराने ती कोठे मापावी हा प्रश्न असमान झिजेच्या बाबतीत नियमापेक्षा मोठा ठरतो. ठाण्यासारख्या, वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. ओल्या रस्त्यावर टायरखालचे पाणी खाचांतून बाहेर गेले नाही तर ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही क्षणभर चाकाचे ऐकत नाहीत. कसारा घाट उतरणाऱ्या, टपावर कॅरियर लादलेल्या गाडीत बसलेल्या कुटुंबाचे प्राण त्या न दिसणाऱ्या दोन बोटे रुंद कडेवर अवलंबून असत.

पावसाविषयी आणखी एक विचार करण्यासारखा आहे. पाणी रबरास एक प्रकारचे वंगण होते, म्हणून भिजल्या रस्त्यावर टायर घासून झिजण्याचे प्रमाण उलट कमी असते. मात्र ओल्या रबरावर खडीचे काप लवकर पडतात. तेव्हा पावसाळ्यात टायर पाहणाऱ्यास झीज थोडी व जखमा पुष्कळ दिसतात. खरी हानी तेव्हा दुसरीकडे होत असते : खड्ड्यात आदळून एखादा बाहू वाकतो, एखादा सांधा सैल होतो. त्याची खूण टायरवर उमटण्यास कोरडे, तापलेले डांबर लागते. श्रावणातील आघाताचा पुरावा संक्रांतीला वाचावयास मिळतो, आणि तोपर्यंत मालक तो आघात विसरलेला असतो. ‘गाडी कोठे आदळली होती काय?’ ह्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते ते खोटे नसते. कारण आणि खूण ह्यांच्यामधील हा काळाचा पडदा इतिहासाच्या विद्यार्थ्यास ओळखीचा वाटेल.

म्हणूनच निदानाच्या क्रमाला महत्त्व आहे. आधी हवा, मग सैलपणा, मग कल आणि सर्वांत शेवटी समांतरता. समांतरता साधण्याचे काम सोपे असते. दांडीवरील बाही फिरविली की चाकाचे टोक हलते. सोपे असल्यामुळेच ते आधी केले जाते. परंतु किंगपिन सैल असताना घेतलेले माप हे उभ्या गाडीचे माप होय. गाडी चालू लागताच चाक आपली जागा सोडते आणि मापाला अर्थ राहात नाही. सुताराची दोरी चारी चाकांच्या कडेने ताणून पाहण्याची आणि ओळंबा सोडून कल बघण्याची जुनी रीत ओबडधोबड होती ह्यात शंका नाही. नंतर आरसे व प्रकाशरेषा वापरणारी उपकरणे आली, त्यानंतर संगणकाचा पडदा आला. अचूकता शतपट वाढली. पण दोरी लावणारा मनुष्य दोरी लावण्यापूर्वी चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाही, आणि पडद्यावरचे आकडे हिरवे होण्याची वाट पाहणारा ते पाहीलच असे नाही. ही यंत्राविरुद्ध तक्रार नव्हे. चांगला कारागीर दोन्ही गोष्टी करतो. तथापि मापनाच्या सुबकपणाने पुराव्याची छाननी मागे पडते, हा अनुभव केवळ गॅरेजपुरता मर्यादित नाही एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

ह्या क्रमाला बगल देणारा एक मामला विशेष फसवा आहे. मागील पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला की आस किंचित सरकते आणि गाडी कुत्र्यासारखी तिरकी चालू लागते. चालकाला जाणवते ते एवढेच की, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडे राहते. उतावळा मनुष्य पुढील दांड्या फिरवून स्टिअरिंग सरळ करून देतो आणि जी भूमिती ठीक होती ती बिघडवून बसतो. मग पुढचे टायर झिजू लागतात आणि पुढच्या टायरांचा दोष पुढे शोधला जातो. तसेच ह्या गाडीचे बाहू ज्या पत्र्याच्या अंगावर अखेरीस विसंबून होते ते अंगच खाडीच्या खाऱ्या हवेत गंजत असे. जुन्या मोटारींना स्वतंत्र चॅसी असे. फियाटमध्ये शरीर व सांगाडा एकच. पत्रा खचला की मापे ज्यावर घ्यावयाची तो आधारच हलला.

पुराव्याचा नाश करणाऱ्या दोन प्रथाही सांगितल्या पाहिजेत. पहिली टायरांची अदलाबदल. टायर पुढून मागे, डावीकडून उजवीकडे आणि स्टेपनीवर फिरवीत राहिल्यास पाचही टायर सारखे झिजतात व पैसा वाचतो. (स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याच्या नावावरून आला, तेथे १९०४ पासून जादा चाके तयार होत. इंग्लंडमध्ये तो शब्द विस्मृतीत गेला, आपल्याकडे घरोघर टिकला.) पण अदलाबदलीने प्रत्येक टायरवर दोन-तीन जागांचे लेख एकावर एक गिरविले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. दुसरी प्रथा रिट्रेडिंगची. झिजलेला थर खरवडून काढून नवे रबर चढविले की टायरचा भूतकाळ पुसला जातो. टंचाईच्या काळात ह्या दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या होत्या, ह्याविषयी वाद नाही. ज्या काळात देशात ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड एवढ्याच काय त्या मोटारी होत्या आणि त्यांची विक्री व किंमत सरकारी नियंत्रणाखाली होती, त्या काळात टायर हा जपून वापरावयाचा ऐवज होता. परंतु लक्षण दडवून रोग कायम ठेवणारी ही काटकसर होती, असेही म्हणावे लागते. दर वेळी नव्या रबराखाली तोच वाकलेला बाहू फिरत राहिला.

टायरच्या जातीतही ह्या अवधीत बदल झाला. पद्मिनीचे मूळ टायर आडव्या-तिडव्या धाग्यांच्या थरांचे, ज्यांना क्रॉस-प्लाय म्हणत, त्या प्रकारचे होते. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेला रेडियल टायर आपल्याकडे मोटारींत रुळावयास पुढची तीन दशके व अधिक काळ लागला. क्रॉस-प्लाय टायरच्या बाजू वाकल्या की जमिनीला टेकलेला भागही वळवळतो. रेडियलचा तळपट्टा ताठ असल्याने तो स्थिर राहतो आणि अधिक काळ टिकतो. म्हणून एकाच दोषाची खूण दोन्ही जातींवर सारख्या वेगाने उमटत नाही. क्रॉस-प्लायवर तयार झालेला हात रेडियलवर फिरविताना कारागिराला आपली मोजपट्टी बदलावी लागली असली पाहिजे. एकाच गाडीला पुढे रेडियल व मागे क्रॉस-प्लाय बसविणे तर धोक्याचेच, कारण वळणावर मागचा भाग आधी सुटतो.

पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या आसपास थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. एमएच-०४ किंवा एमएच-०५ क्रमांकाची एखादी खाजगी पद्मिनी ठाण्यात किंवा कल्याणात अजून दिसते, ती हौसेने जपलेली. अशा गाडीच्या टायरचे दुखणे आता निराळे आहे. ती वर्षाकाठी इतकी थोडी चालते की टायर झिजण्यापूर्वीच त्याचे वय होते : हवेतील ओझोनने बाजूला भेगा पडतात आणि महिनोन् महिने एका जागी उभे राहून तळाला चपटेपणा येतो. वापरातील झिजेचा जो पुरावा प्रस्तुत लेखात वाचण्याचा प्रयत्न केला आहे तो नव्याने निर्माण होणे जवळजवळ थांबले आहे, आणि जुना पुरावा रिट्रेडिंगमध्ये व भंगारात गेला आहे. उरल्या आहेत त्या गॅरेजांतील बिलांच्या वह्या आणि किंगपिनचा सैलपणा हाताने ओळखणाऱ्या पिढीतील काही माणसे. वह्यांपैकी ज्यांत कोणत्या चाकाचा बुश केव्हा बदलला ह्याची डावे-उजवे भेदासह नोंद असेल त्या आधी मिळवाव्यात; डाव्या अंगाच्या साईडपट्टीने आणि उजव्या वळणांनी ह्या गाड्यांची डावी बाजू खरोखरच अधिक खाल्ली काय, ह्या प्रश्नाचे उत्तर अशा दोन-तीनशे नोंदी एकत्र केल्या तर देता येईल.